काळ्या थराखालचा रस्ता

फेब्रुवारी 2021 मध्ये सोलापूर-विजयपूर महामार्गावर 25.54 किलोमीटर लांबीच्या एका पदराचं डांबरीकरण 18 तासांत पार पडलं. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही बातमी जाहीर केली आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. काहींना वाटलं, मनावर घेतलं तर एका दिवसात हायवे होतो, मग आमच्या गल्लीला दोन वर्षं का? काहींना वाटलं, एवढ्या घाईचं काम पहिल्या पावसात वाहून जाणार. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे: वरून काळा दिसतो तेवढाच रस्ता. रस्त्यांविषयीचे बरेच गैरसमज याच समजुतीतून निघतात.

गैरसमज 1: 18 तासांत महामार्ग बांधून झाला

वस्तुस्थिती: 18 तासांत पसरलं ते डांबरी मिश्रण, तेही चारपदरी रस्त्याच्या एका पदरावर. रस्ता त्याआधी कित्येक महिने खालून वर चढत आलेला असतो. तळाशी पाणी मारून, रोलरने दाबलेला मातीचा भराव. त्यावर पाणी झिरपून बाहेर निघावं म्हणून मुरूम-खडीचा थर. साइटवर त्याला 'जीएसबी' म्हणतात. मग लहानमोठी खडी ओलसर कालवून दाबलेला 'डब्ल्यूएमएम'. त्यानंतर डांबरात घोळलेल्या खडीचा जाड थर 'डीबीएम', आणि सगळ्यांत वर 'बीसी'. आपली चाकं ज्यावर फिरतात तो हा शेवटचा थर जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचा असतो.

घाईची शंकाही उलटी आहे. प्लँटमधून हे मिश्रण साधारण दीडशे अंश सेल्सिअसला निघतं आणि ते शंभरच्या आसपास उतरण्याआधी त्याच्यावर रोलर फिरून झाला पाहिजे. माल थंड झाला की कितीही दाबा, आत पोकळी राहते. माल आणणारे हायवा ट्रक वेळेवर आले नाहीत आणि तो पसरणारा पेव्हर मध्येच थांबला, तर तिथे कच्चा सांधा राहतो. त्यामुळे न थांबता ओढलेला थर उलट एकजीव होतो, अर्थात खालचे थर नीट असतील तर. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा विक्रम झाला, तोही एकाच पदराच्या डांबरीकरणाचा होता.

गैरसमज 2: डांबरी रस्ता डांबराचा असतो

वस्तुस्थिती: वजनाने पाहिलं तर त्यात सुमारे 95 टक्के दगड असतो. आपल्याकडे तो बहुतेक काळा बेसॉल्ट, म्हणजे खाणीतून फोडलेली खडी आणि कच. उरलेले पाचेक टक्के चिकटवण्याचं काम करतात. तेही खरं डांबर नव्हे. डांबर दगडी कोळशापासून निघतं; रस्त्यासाठी वापरतात ते कच्च्या खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारं बिटुमेन. बोलण्यात जुना शब्द टिकला, वस्तू बदलली.

बिटुमेन सगळीकडे सारखंच चालत नाही. त्याची प्रतवारी 60 अंश तापमानाला ते किती घट्ट राहतं यावरून होते, कारण उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग तेवढा तापतो. सोलापुरात मे महिन्यात हवाच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाते. अशा ठिकाणी जड वाहतुकीसाठी 'व्हीजी-40' हे घट्ट बिटुमेन लागतं. ते मऊ निघालं तर सावकाश जाणाऱ्या जड गाड्यांच्या चाकांखाली रस्ता दबून दोन लांब पन्हाळी पडतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: चाकोरी.

गैरसमज 3: खड्डे पावसामुळे पडतात

वस्तुस्थिती: तसं असतं तर सोलापूरचे रस्ते कोकणाच्या कितीतरी पट चांगले राहिले असते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापुरात साडेपाचशे-सहाशे. रस्त्याचं नुकसान साचलेल्या पाण्याने होतं. आधी बारीक तडा जातो, त्यात पाणी मुरतं, वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने आत-बाहेर होतं आणि खडीला धरून बसलेलं बिटुमेन सुटू लागतं. एक खडा निघाला की शेजारचा सैल होतो.

म्हणून महामार्ग कधीच सपाट नसतो. त्याला कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार देतात. चारपदरी महामार्गाच्या एका बाजूच्या सात मीटर रुंद दुपदरी भागात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो चौदा ते साडेसतरा सेंटिमीटर होतो. एवढं करूनही कडेची साईडपट्टी रस्त्याहून उंच राहिली किंवा गटार मातीने बुजलं, तर उतरलेलं पाणी तिथेच थांबतं आणि खाली मुरतं.

आणि सोलापूर भागात खाली काय आहे? काळी माती. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थोड्या पावसावर, रब्बीत पिकते, कारण ही माती पाणी धरून ठेवते. रस्त्याला नेमकं तेच नको असतं. हिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हातभर खोल भेगा पडतात त्या याच स्वभावामुळे. रस्ता जणू वर-खाली श्वास घेणाऱ्या जमिनीवर बसलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी काळी माती उकरून बाजूला टाकतात आणि मुरमाचा भराव करतात, किंवा मातीत चुना मिसळून तिचं फुगणं कमी करतात. हा खर्च कोणाला दिसत नाही, म्हणून काटकसरीचा मोह पहिल्यांदा इथेच होतो.

गैरसमज 4: वजन दुप्पट तर झीज दुप्पट

वस्तुस्थिती: दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून ढोबळ नियम निघाला: रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन भार धरला, तर ट्रकच्या एका आसाची झीज मोटारीच्या आसाच्या 1,60,000 पट येते. रस्त्याच्या हिशेबात मोटारी जवळपास नसल्यासारख्याच.

2018 मध्ये केंद्राने चार टायरांच्या एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वाढ साधारण 13 टक्के. चौथ्या घाताने झीज मात्र सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. हे झालं कायद्यातलं वजन. राज्यात साखर कारखान्यांची सर्वाधिक गर्दी असलेल्या जिल्ह्यांपैकी सोलापूर एक. गळीत हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या गावरस्त्यांवर उसाने ओसंडणाऱ्या जोड-ट्रॉल्या दिवसरात्र धावतात, आणि ते रस्ते महामार्गाच्या जाडीचे नसतात.

रस्ता झिजवणाऱ्याने खर्च उचलावा हा विचार जुना आहे. 1927 मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची शिफारस केली. 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्यांची मानकं आजही तीच ठरवते.

गैरसमज 5: सिमेंटचा रस्ता केला की कटकट कायमची मिटली

वस्तुस्थिती: दोन्ही रस्त्यांचा स्वभावच वेगळा आहे. डांबरी रस्ता लवचीक. चाकाचा भार तो एका खडीकडून दुसरीकडे देत, थराथराने पसरवत जमिनीपर्यंत पोचवतो. जमीन खचली की तोही तिच्यासोबत खचतो. काँक्रीटचा रस्ता ताठर. चिखलावर टाकलेल्या फळीसारखा तो भार लांबवर वाटून देतो, पण फळीखाली एकाच बाजूला जमीन फुगली किंवा खचली तर ती मोडते. म्हणजे काळ्या मातीची तयारी इथेही टळत नाही. काँक्रीटचं आयुष्य साधारण तीस वर्षं धरतात, डांबरीचं पंधरा-वीस. पण डांबरी रस्त्यावर नवा थर चढवता येतो. फुटलेला काँक्रीटचा तुकडा कापून काढून नव्याने ओतावा लागतो. जलवाहिनीसाठी वरचेवर उकरल्या जाणाऱ्या गल्लीत हा फरक महागात पडतो.

काँक्रीटवर दर साडेचार मीटरच्या आसपास दिसणाऱ्या सरळ रेघा म्हणजे निकृष्ट कामाचे तडे, असंही अनेकांना वाटतं. त्या मुद्दाम कापलेल्या असतात. काँक्रीट आक्रसताना तडकणारच. कुठे तडकायचं ते आधी ठरवून दिलेलं बरं. नागमोडी, वाटेल तशी गेलेली भेग मात्र काळजीची.

आणि सिमेंटच्या रस्त्यावर तापून टायर फुटतात म्हणावं, तर काळ्या रस्त्यापेक्षा फिकट काँक्रीट ऊन कमी शोषतं. टायर फुटतो तो मुख्यतः कमी हवा, जादा माल, झिजलेलं रबर आणि बेफाम वेग यांमुळे.

कुठला रस्ता कुठे, याचं उत्तर टोलनाक्यावर पाहायला मिळतं. महामार्ग डांबरी असला तरी गाड्या थांबतात तेवढा पट्टा बहुधा काँक्रीटचा असतो. उभा ट्रक, ब्रेक आणि गळणारं तेल हे तिन्ही बिटुमेनला सोसत नाहीत, म्हणून तिथे ताठर. पुढे धावत्या चाकांना पुन्हा लवचीक.

गावात नवा रस्ता झाला की आपण वरचा थर किती जाड, एवढंच विचारतो. तोही प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने एकदा कडेला जाऊन उभं राहावं. पाणी गटारात गेलेलं दिसलं तर रस्त्याची निम्मी काळजी मिटली. साईडपट्टीला तुंबलेलं दिसलं, तर खालची काळी माती ते पिऊ लागलेली असते, आणि पुढच्या वर्षीचा खड्डा कुठे पडणार हे तिथेच कळतं.