कबुतराची विष्ठा कोरडी झाडू नका

वस्तीत कुणाला खोकला असला की आम्ही आता एक प्रश्न जास्तीचा विचारतो: पत्र्याखाली कबुतरं बसतात का? वाळलेल्या विष्ठेची, पिसांची धूळ रोज श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसाला सूज येते. कोरडा खोकला, चालताना धाप. घरचे दमा समजतात. दुखणं जुनं झालं तर फुप्फुस कडक होतं, ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

मुंबईत ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तर जमावाने ती ताडपत्री काढली. दाणे टाकणाऱ्याला पुण्य हवं असतं. खाली झाडणारे हात मात्र बहुतेक आपलेच.

कुरुंदवाडात तेवढे थवे नाहीत, पण विहाराच्या छज्जावर जोड्या बसतातच. विष्ठा आधी पाण्याने चांगली भिजवा, मास्क लावा, मगच खरवडा. लेकरं, दम्याचे पेशंट तिथे नकोत. दाणे, उष्टं टाकणं बंद करा. अंडी-पिल्लं नसताना घरटं काढून फटीला जाळी मारा. विष घालू नका. पहिलं शील आहेच, शिवाय जागा रिकामी झाली की दुसरी कबुतरं येतात.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, आणि डॉक्टरांना कबुतरांचंही सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.