इंजिनाचे आकारमान आणि शक्ती : 'ऑटोमेशन' या सिम्युलेशन खेळाच्या आधारे एक विवेचन

इंजिन जितके मोठे तितकी मोटार शक्तिमान, हा समज सर्वत्र रूढ आहे. करव्यवस्थाही बऱ्याच अंशी आकारमानावरच विसंबते. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारीची व्याख्या करताना चार मीटर लांबीबरोबर पेट्रोल इंजिनास 1200 सीसी व डिझेल इंजिनास 1500 सीसी अशी मर्यादा घालण्यात आली. शक्तीचा उल्लेख त्या व्याख्येत नव्हता. या समजाची तपासणी करण्यास कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरने निर्माण केलेला 'ऑटोमेशन' हा संगणकीय खेळ उपयुक्त ठरतो. यात सिलिंडरांची संख्या, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनच्या धावेची लांबी, तसेच क्रँकशाफ्ट, पिस्टन, कॅम इत्यादी घटक खेळाडू स्वतः निवडतो आणि टॉर्क व शक्ती यांचे आलेख लगेच पडद्यावर उमटतात.

शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार होय. आकारमान वाढले की प्रत्येक फेऱ्यात अधिक हवा व इंधन जळते, म्हणून टॉर्क जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. फेऱ्यांचे तसे नाही. येथे आकारमान कोणत्या दिशेने वाढविले, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

बोअर व स्ट्रोक दोन्ही 86 मिलिमीटर असलेले चार सिलिंडरांचे इंजिन 1998 सीसीचे होते. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 20 मीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असे ठरविल्यास ते मिनिटाला सुमारे 6980 फेरे घेईल. दर लिटरला 90 न्यूटन-मीटर टॉर्क धरल्यास शक्ती सुमारे 131 किलोवॅट येते. (प्रत्यक्षात वरच्या वेगावर टॉर्क घसरतो; तुलनेच्या सोयीसाठी तो येथे स्थिर मानला आहे.) आता केवळ स्ट्रोक 100 मिलिमीटर केला तर आकारमान 2324 सीसी होते, टॉर्कही 16 टक्क्यांनी वाढतो, परंतु लांबलेल्या धावेमुळे फेऱ्यांची मर्यादा 6000 वर उतरते आणि शक्ती पुन्हा 131 किलोवॅटच राहते. याउलट स्ट्रोक तसाच ठेवून बोअर 93 मिलिमीटर केला तर 2337 सीसीचे इंजिन जवळपास 154 किलोवॅट देते. आकारमान दोन्हींचे जवळजवळ सारखे, शक्तीत मात्र 20 किलोवॅटांहून अधिक अंतर. कमाल शक्ती पिस्टनांच्या एकूण क्षेत्रफळाशी निगडित असते, घनफळाशी नव्हे, असा याचा अर्थ.

नवखा खेळाडू बहुधा स्ट्रोक वाढवितो, टॉर्कचा आलेख वर चढलेला पाहून सुखावतो आणि मग खालचे भाग ताण सोसत नसल्याची सूचना पाहून गोंधळतो. घडीव पोलादाचे भाग घालून मर्यादा पुढे ढकलता येते, पण खर्च वाढतो.

बोअर वाढविणेही फुकट नाही. ठोका येण्याची प्रवृत्ती बळावते, इंजिन लांब होते आणि आडव्या बसविण्याच्या इंजिनकक्षात ते मावेनासे होते. म्हणून मोठे, संथ फिरणारे इंजिन मूर्खपणाचे मानण्याचे कारण नाही. साध्या ओतीव भागांवर, कमी फेऱ्यांत आणि विश्वासार्हता राखून हवी ती शक्ती त्यातून मिळू शकते. अमेरिकी मोटारींत मोठी व्ही-आठ इंजिने दीर्घकाळ टिकून राहिली, त्यामागील एक कारण हेच होते.