भाजीवरील विष ओळखणारी पट्टी

फवारणीनंतर किती दिवसांनीं माल तोडावा हें औषधाच्या वेष्टनावर छापलेलें असतें. परंतु तोडणीच्या दिवशीं पानांवर विष उरलें आहे किंवा नाहीं, हें डोळ्यांस दिसत नाहीं. प्रयोगशाळेंत नमुना पाठवावा, तर उत्तर येईपर्यंत मेथी सुकून जाते. या अडचणींत उपयोगी पडणारें साधन म्हणजे जैवसंवेदक. सजीवांच्या शरीरांतील एखादें द्रव्य घेऊन त्याच्या योगानें दुसऱ्या द्रव्याचा शोध लावावयाचा, ही त्याची युक्ति. अमेरिकेंत क्लार्क व लायन्स यांनीं १९६२ सालीं साखर मोजण्यासाठीं असें विद्युत्-साधन सुचविलें. मधुमेही लोक घरीं रक्ताचा थेंब तपासतात तें यंत्र त्याच वंशांतील होय. भाजीची पट्टी हें त्याचें विजेवांचून चालणारें भावंड.

तिचें मर्म कळण्यास कीटक कसा मरतो हें पाहिलें पाहिजे. मज्जातंतूंमधून निरोप नेणारें ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य असतें. निरोप पोंचतांच तें मोडून टाकण्याचें काम कोलिनेस्टरेज हें विकर करतें. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट या वर्गांतील औषधें त्या विकरास जखडतात; निरोप थांबत नाहीं, आणि कीटक झटके येऊन मरतो. हेंच विकर आपल्याही शरीरांत आहे. फवारणाऱ्या गड्यास मळमळतें, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, त्याचें कारण हेंच. (अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां औषधाच्या डब्यासह त्यास दवाखान्यांत न्यावें.)

प्रचारांतील एका पट्टीवर पांढरी व तांबडी अशा दोन टिकल्या असतात. पांढरींत विकर व तांबडींत रंग देणारें द्रव्य असतें. पानें कापून सोबतच्या द्रावणांत हालवावीं, अर्काचा थेंब पांढऱ्या टिकलीवर सोडून १० मिनिटें थांबावें, नंतर पट्टी दुमडून दोन्ही टिकल्या ३ मिनिटें एकमेकींवर दाबून धराव्या. विकर शाबूत असल्यास पांढरी टिकली निळी होते. पांढरीच राहिल्यास विषानें विकर निकामी केलें असें समजावें. शेजारीं दुसरी पट्टी नुसत्या द्रावणानें भिजवून पाहावी. तीही निळी न झाल्यास दोष भाजीचा नव्हे, पट्टीच नासलेली आहे. कांदापात, लसूण, मुळा, कोथिंबीर यांच्या रसांतच विकरास अडविणारे पदार्थ असल्यामुळें तेथें पट्टी नाहक आळ घेते.

मात्र निळा रंग पाहून माल निर्विष ठरविणें आम्हांस धोक्याचें वाटतें. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तींतील पाण्याची नसते. पट्टीचेंही तसेंच आहे. पायरेथ्रॉइड व निओनिकोटिनॉइड औषधें मज्जातंतूंवर दुसऱ्याच ठिकाणीं घाव घालतात, आणि बुरशीनाशकांचा मार्ग तर बहुधा अगदींच निराळा. म्हणून तीं पट्टीस दिसत नाहींत. २०१० सालीं युरोपांत आपलीं द्राक्षें अडलीं तीं क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळें. तें वरील दोन्ही वर्गांपैकीं नव्हे. प्रत्येक बागाइतदाराच्या खिशांत पट्टी असती, तरी तें नुकसान टळलें नसतें. शिवाय युरोपांत ज्या औषधास स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाहीं, त्यास सामान्यतः किलोमागें ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट असते. इतका सूक्ष्म अंश पट्टीस सहसा कळत नाहीं. निर्यातीचा माल प्रयोगशाळेंतूनच तपासून घेतला पाहिजे.

गांवच्या बाजारासाठीं मात्र पट्टी कामाची आहे. ती पांढरी राहिली तर त्या वाफ्याची तोडणी लांबवावी व कांहीं दिवसांनीं पुन्हां तपासावें. विकत घेतांना मुदत पाहावी, आणि पट्ट्या उन्हांत न ठेवतां थंड, कोरड्या जागीं ठेवाव्या.