महाविद्यालयाची पाटी व आंतला माल

एखाद्या व्यापाऱ्यानें डब्यावर तूप म्हणून छापून आंत वनस्पती भरली, तर त्यास शासन करण्यास कायदा आहे, आणि गिऱ्हाईकही दुसऱ्या दिवशीं त्याच्या दाराशीं येऊन उभें राहतें. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेंत ‘प्रवेशास पात्रता’ व ‘अभ्यासक्रमाचें स्वरूप’ अशा दोन मथळ्यांखालीं जें छापलेलें असतें, त्याची मात्र अशी झडती कोणी घेत नाहीं. फी वाढली तर पेठेंत चार दिवस चर्चा होते. पण अमुक विषय बारावीस नसला तरी चालेल, अशी ओळ पुस्तिकेंत शिरली किंवा तींतून निघून गेली, तर ती वार्ता पालकांच्या कानीं पडेपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेलेली असते. मुलाचें पुढील आयुष्य फीच्या आंकड्यापेक्षां या ओळीवर अधिक अवलंबून असतें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

जुनी अट म्हणजे पवित्र अट असें मानणाऱ्यांत आम्ही नाहीं, हें प्रथमच सांगून टाकितों. विषयाच्या अटीचा उपयोग माणसांस बाहेर ठेवण्याकडे कसा होतो, याचा अनुभव महाराष्ट्रास चांगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस शाळेंत संस्कृत शिकावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तें नाकारलें गेलें व त्यांस फारशी घ्यावी लागली. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानें थोड्याच वर्षांत मराठीस आपल्या वरच्या परीक्षांतून बाहेर काढिलें, आणि ती पुन्हां आंत यावी म्हणून न्यायमूर्ति रानडे यांस आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. तेव्हां अट बदलली कीं विद्या बुडाली, हा ओरडा ऐकून आम्ही घाबरून जाणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे.

मार्च २०२१ मध्यें अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें आपल्या नियमपुस्तिकेंत मोठा फेरफार केला. अभियांत्रिकीच्या पदवीस येणाऱ्यानें बारावीस पदार्थविज्ञान व गणित घेतलेलेंच पाहिजे, हा नियम जाऊन त्या जागीं चौदा विषयांची यादी आली. त्यांपैकीं कोणतेही तीन पुरे. यादींत जीवशास्त्र, शेती, संगणकशास्त्र हे विषय होतेच, पण व्यवसाय-अध्ययन व उद्योजकता हेही होते. ज्याची गणिताची तयारी नसेल त्याची उणीव विद्यापीठांनीं ‘सेतु अभ्यासक्रम’ चालवून भरून काढावी, असेंही त्यांत म्हटलें होतें. यावर देशभर गिल्ला झाला. तेव्हां परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. अनिल सहस्रबुद्धे यांनीं खुलासा केला कीं, अभियांत्रिकींत गणिताचें महत्त्व कायमच आहे व नवा नियम राज्यांवर बंधनकारक नाहीं. पुढल्याच वर्षीं, २०२२ च्या पुस्तिकेंत, ही मोकळीक वास्तुकला, फॅशन, पॅकेजिंग अशा थोड्या शाखांपुरती आखडून घेण्यांत आली.

परिषदेचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत पदार्थविज्ञानास शिक्षक नाहीं म्हणून एखादी हुशार मुलगी दुसऱ्या शाखेकडे वळते. सोळाव्या वर्षीं नाइलाजानें केलेल्या या निवडीनें तिला जन्मभर बांधून ठेवावें काय? मुळींच नाहीं. पण दार उघडणें निराळें आणि पायऱ्या बांधणें निराळें. अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षीं कलनगणित पुढ्यांत येतें. इतरांनीं अकरावी-बारावीचीं दोन वर्षें घालवून जें पक्कें केलें, तें या मुलीनें सेतूवरून जातां जातां उरकावें, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची? सेतु किती तासांचा, शिकविणार कोण, त्याची परीक्षा होणार कीं नाहीं, पार न पडल्यास फी परत मिळणार काय, या प्रश्नांचीं उत्तरें अट काढण्यापूर्वीं छापावयास हवीं होतीं. शिवाय परिषदेनें दार उघडलें तरी आपल्या राज्याच्या अभियांत्रिकी सीईटीची प्रश्नपत्रिका पदार्थविज्ञान, रसायन व गणित याच तीन विषयांची राहिली. म्हणजे दार उघडें आणि आंतल्या फाटकास कुलूप!

याच्या शेजारीं पदविकेची जुनी वाट ठेवून पाहावी. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षें काढून विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत जातो. तेथेंही बारावीची अट नाहीं. पण गणित तंत्रनिकेतनांतच शिकवून घेतलेलें असतें. वाट लांब आहे, परंतु तिला पायऱ्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नोव्हेंबर २०२३ मध्यें केलेला बदलही आम्हांस शहाणपणाचा वाटतो. पूर्वीं बारावीस जीवशास्त्र नसलेल्यास वैद्यकीचें दार कायमचें बंद होतें. आतां बारावीनंतरही तो विषय मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेंत जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन ‘नीट’ला बसतां येतें. येथें विषय सुटला नाहीं, फक्त तो शिकण्याची वेळ विद्यार्थ्याच्या हातीं आली.

वास्तुकलेची कथा तर विचित्र आहे. कोल्हापूरच्या एका वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१९ मध्येंच निकाल दिला होता कीं, वास्तुकलेच्या शिक्षणास १९७२ चा वास्तुविशारद कायदा लागू असून तेथें तंत्रशिक्षण परिषदेचें नियमन चालणार नाहीं. वास्तुकला परिषदेच्या अटींत गणित राहिलेंच. तरीही तंत्रशिक्षण परिषदेच्या २०२२ च्या सवलतींत वास्तुकलेचें नांव झळकलें. दोन सरकारी संस्थांत कोणाचा शब्द चालतो, हें साध्या दुकानदारानें कसें ओळखावें?

आणि मूल अकरावीचे विषय निवडतें जूनमध्यें. त्या निवडीची कसोटी लागते दोन वर्षांनीं. २०२१ ची बातमी वाचून ज्यानें गणित सोडलें, तो बारावी होण्यापूर्वींच नियम फिरला. व्यापारांत भाव पडला तर माल राखून ठेवतां येतो. मुलाचीं दोन वर्षें राखून ठेवतां येत नाहींत. म्हणून पात्रतेंतील कोणताही बदल, मग तो सवलतीचा असो वा कडक असो, जाहीर झाल्यापासून दोन वर्षांनींच अमलांत यावा, असा कायमचा नियम असला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांनीं तर बारावीस कोणतेही विषय असले तरी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास कोणत्याही शाखेच्या पदवीची वाट मोकळी केली आहे. ही मोकळीक आम्हांस मान्य आहे. पण तिच्यामुळें पुस्तिकेंतील दुसरा मथळा पहिल्याहून महत्त्वाचा झाला आहे. दारावर पहारेकरी नसला म्हणजे आंत काय आहे तें पाटीवर स्वच्छ लिहावें लागतें.

सध्यांच्या पाट्या कशा आहेत? ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘डेटा सायन्स’ असे शब्द जुन्या संगणकशाखेच्या नांवापुढें जोडलेले दिसतात. त्यांत नवें किती, जुनें किती, संख्याशास्त्र किती लागेल, याचा उलगडा पुस्तिकेंत क्वचितच असतो. जो असतो तो इंग्रजींत व श्रेयांकांच्या कोष्टकांत. प्रत्येक अभ्यासक्रमापुढें दोन-चार सरळ मराठी वाक्यें छापण्यास फारसा खर्च येत नाहीं: पहिल्या वर्षीं काय शिकवितात, त्यासाठीं आधीं काय येत असलें पाहिजे, आणि तें येत नसल्यास येथें कोण, किती तास शिकवील. ज्या संस्थेस हीं वाक्यें लिहितां येत नाहींत, तिनें तो अभ्यासक्रम विकावयास मांडूं नये. अनेक गांवांत महाविद्यालयांच्या नियामक मंडळांवर आमचे व्यापारी बंधूच बसलेले आहेत. यंदाची पुस्तिका छापखान्यांत जाण्यापूर्वीं त्यांनीं तिचें मुद्रित मागवावें, आणि हीं वाक्यें त्यांत नसतील तर बिलावर सही करूं नये.