ठोका चुकला की चित्र फसतं

हृदयाच्या एमआरआयमध्ये पडद्यावर एक ठोका धडधडताना दिसतो, पण तसा ठोका प्रत्यक्षात पडलेलाच नसतो. अनेक ठोक्यांमधून थोडी थोडी माहिती उचलून यंत्राने शिवलेली ती गोधडी असते. एका ठोक्यात सगळं टिपण्याइतका वेग जुन्या पद्धतीत नाही. म्हणून छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवायचे, ठोक्याची सुरुवात पकडायची, तिथून वेळ मोजत माहिती गोळा करायची. पेशंटने तेवढा वेळ श्वास रोखायचा. हे सगळं जमतं ते प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच पडेल या भरवशावर.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नेमका हा भरवसाच राहत नाही. वरचे कप्पे नुसते थरथरतात, खालच्यांना इशारे वेळीअवेळी मिळतात. एक ठोका ६०० मिलिसेकंदांनी, तर पुढचा ११०० नी. मध्ये उसंत मिळाली तर हृदय चांगलं भरतं, नाही तर अर्धवटच. असे तुकडे जोडले की हृदयाच्या भिंतीची कड दुहेरी, पुसट दिसते. आणि त्याच कडेवरून डॉक्टरांनी रेघ ओढून हृदय किती रक्त बाहेर फेकतं ते मोजायचं! ज्यांचं हृदय नीट पाहायला हवं, त्यांचीच चित्रं खराब.

वेगळे पडलेले ठोके वगळायची सोय यंत्रात असते. पण त्याने तपासणी लांबते, दम संपतो. शिवाय सगळेच ठोके वेगळे असतील तर वगळायचे तरी कुठले?

त्यापेक्षा शिवणकामच बंद करणं शहाणपणाचं. १९८५ मध्ये ‘फ्लॅश’ हे वेगवान तंत्र देणाऱ्या येन्स फ्राम यांच्या जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथल्या चमूने २०१० मध्ये २० मिलिसेकंदांना एक चित्र टिपून दाखवलं. माहिती अगदी थोडी घ्यायची, उरलेलं गणिताने भरून काढायचं. ईसीजी नको, श्वास रोखणं नको. चित्र थोडं रवाळ येतं, ते चालवून घ्यावं. आता हे भरून काढायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडेही जातंय. तिने नसलेलं काही रंगवू नये, एवढी नजर मात्र ठेवायला हवी.

सीटीवाल्यांनी वेगळी वाट धरली: सोळा सेंटिमीटर रुंद डिटेक्टर, म्हणजे अख्खं हृदय एका ठोक्यात.

प्रत्येक ठोका सुटा दिसू लागला की रिपोर्टात आकडा कुठल्या ठोक्याचा लिहायचा, हा नवा पेच उभा राहतो. इको करणारे अशा पेशंटच्या निदान पाच ठोक्यांची सरासरी काढतात. एमआरआयवाल्यांनीही तेच करावं.