आधी वाचणारा हवा

पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले. संत नामदेवांचे नर्सी इथून जवळच. बारावीनंतर इथल्या मुला-मुलींना सेनगाव नाहीतर हिंगोली गाठावी लागते. घरी सोयाबीन, हळद. आणि वर्गात ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहायला सांगितले की पहिले वाक्य ठरलेले: भारत हा कृषिप्रधान देश आहे. खुद्द शेतकऱ्याच्या पोराने हे लिहावे! त्यालाच विचारा, हळद शिजली हे कशावरून कळते? हळकुंड बाहेर काढायचे, काडी टोचायची. सहज आत गेली की झाले. हे सांगताना तो अडखळत नाही. पेपरात मात्र यातले काही उतरत नाही, कारण तिथे हे चालते असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मार्क गाईडातल्या वाक्यांना मिळतात, हे तो शाळेतच शिकलेला असतो.

तोंडाने सांगता येते ते कागदावर कसे उतरवायचे, हे कोडे मराठवाड्यात काही ठिकाणी सुटले होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून, उस्मानिया विद्यापीठाचे. मराठवाडा विद्यापीठ आले 1958 साली. त्याआधीच, 1950 मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यामुळे तिथे लिहिणाऱ्यांची पिढीच उभी राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक निघाले आणि ज्यांच्या घरात आधी कुणी पुस्तक धरले नव्हते अशांचे लेखन छापून येऊ लागले. लिहिण्याचे नियम तिथे कुणी फळ्यावर मांडून दिले असतील, असे मला वाटत नाही. लिहिलेले वाचणारा संपादक होता आणि ते छापायला जागा होती. माझ्या मते मोठे काम याच दोन गोष्टींनी केले.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे हे गृहस्थ इंटरला नापास होत राहिले (गाईडवाल्यांनी याची नोंद घ्यावी), आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे रणजित देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. प्रतिष्ठित कादंबरीकारालाही इतक्या बारकाईने प्रश्न विचारणारे कुणी लागते. वसमतकडचेच इंद्रजित भालेराव शेतातली भाषा घेऊन कवितेत आले, तेव्हा बोली शुद्ध करून घ्यावी लागत नाही हे आपल्याकडच्या पोरांनी पाहिले.

आज काय? महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मजकूर मागवला जातो तो वर्ष सरत आल्यावर, परीक्षा तोंडावर असताना. मग मोबाईलवरून उतरवलेली कविता येते आणि तशीच छापली जाते. जुलैत भित्तिपत्रक लावले तर पहिला खर्डा परत करायला वेळ मिळतो. शिक्षकाने लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्याआधी समासात एकच प्रश्न लिहावा: काडी कोण टोचते, आई की बाबा? दुसरा खर्डा आला की शुद्धलेखन बघता येते. साऱ्या वर्गाचे असे वाचणे एका प्राध्यापकाला झेपणार नाही, हे खरेच. पण आठवड्याला चार-पाच वह्या जमतात, आणि उरलेल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वाचायच्या.