वेदनाशामक औषधें व त्यांचें व्यसन

औषध आणि विष ह्या दोन वस्तु सर्वथा भिन्न आहेत असा सामान्य समज आहे. परंतु कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, तीं जाणत्या हातीं औषध ठरतात व थोडी ढिलाई होतांच विष होतात. अफू व तिच्यापासून किंवा तिच्या धर्तीवर तयार केलेलीं वेदनाशामक औषधें ह्याच वर्गांत मोडतात. दारू, गांजा, चरस ह्यांविरुद्ध शाळेंत व घरीं मुलांस पुष्कळ सांगितलें जातें. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीनें घरांत आलेल्या गोळीचेंही व्यसन जडूं शकतें, ही गोष्ट अनेक सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक नसते. म्हणून ह्या विषयाची थोडी माहिती विद्यार्थी व त्यांचे पालक ह्या उभयतांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हीं औषधें कोणतीं तें पाहूं. डोकें दुखलें वा ताप आला असतां आपण जें पॅरासिटॅमॉल घेतों, किंवा सांधेदुखीवर जें आयब्युप्रोफेन देतात, तीं ह्या वर्गांतील नव्हेत. मॉर्फीन, कोडीन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल इत्यादि औषधें येथें अभिप्रेत आहेत. ह्या सर्वांस ओपिऑइड असें सामान्य नांव आहे. कोडीन हें खोकल्याच्या कांहीं पातळ औषधांतही असतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील एका औषधालयांत काम करणाऱ्या झेर्ट्युर्नर नांवाच्या तरुणानें अफूंतून तिचें मुख्य सत्त्व वेगळें काढलें, व ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास नांव दिलें, तेंच मॉर्फीन. पुढें १८९८ सालीं बायर कंपनीनें मॉर्फीनपासून बनविलेलें हेरॉइन हें खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणिलें. ज्या नांवानें आज आईबापांच्या अंगावर कांटा उभा राहतो, तें एके काळीं औषधाच्या बाटलीवर छापलेलें असे.

ह्या औषधांचें कार्य कसें चालतें? आपल्या मेंदूंत व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत कांहीं विशिष्ट स्थानें असतात. कुलुपास किल्ली बसावी त्याप्रमाणें हीं द्रव्यें त्या स्थानांस जाऊन बसतात. १९७३ सालीं शास्त्रज्ञांस ह्या स्थानांचा पुरावा मिळाला. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें ह्यूज व कॉस्टरलिट्झ ह्यांनीं असें दाखविलें कीं, मेंदू स्वतःच अशा प्रकारचीं द्रव्यें अल्प प्रमाणांत उत्पन्न करितो. बाहेरून औषध आलें म्हणजे वेदनेचा संदेश मंदावतो, मनास एक प्रकारचें सुख वाटतें, आणि त्याचबरोबर श्वासाची गतिही मंद होते. औषध कांहीं आठवडे नित्य चालू राहिलें म्हणजे शरीर त्यास सरावतें, व पूर्वीच्या मात्रेनें गुण येईनासा होतो. मग तें एकाएकीं थांबविलें तर शरीर जणूं बंड करून उठतें. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे, घाम, हातपाय मोडून येणें, पोटांत मुरडा, जुलाब, अनिद्रा अशीं लक्षणें दिसूं लागतात.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. शरीर सरावणें आणि व्यसन जडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. कर्करोगाचा रोगी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं महिनेच्या महिने मॉर्फीन घेतो. त्याचें शरीर सरावतें, परंतु तेवढ्यानें तो व्यसनी होत नाहीं. औषधानें नुकसान होत आहे हें दिसत असूनही तें सोडवत नाहीं, त्याचाच ध्यास लागतो, मात्रेवरील ताबा सुटतो, तेव्हां त्यास व्यसन म्हणावें. आणि व्यसन हा मेंदूचा आजार आहे. तो दुर्बल मनाच्या माणसासच होतो असें मानणें चुकीचें आहे.

हा आजार एका राष्ट्रांत केवढा अनर्थ करूं शकतो ह्याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९८० सालीं तेथील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत अवघ्या पांच वाक्यांचें एक पत्र छापून आलें. रुग्णालयांत हीं औषधें दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकीं केवळ ४ जणांस व्यसन जडल्याची नोंद सांपडली, असा त्याचा आशय होता. हे रोगी रुग्णालयांत, देखरेखीखालीं औषध घेणारे होते. घरीं महिनोगणती गोळ्या घेणारांविषयीं त्या पत्रावरून कांहींच सिद्ध होत नव्हतें. तथापि पुढें ६०० हून अधिक लेखांत त्याचा दाखला देण्यांत आला, व कित्येकांनीं तर त्यावरून व्यसनाची भीति नाहीं असें ठोकून दिलें. १९९६ सालीं पर्ड्यू कंपनीनें ऑक्सिकाँटिन ह्या नांवानें ऑक्सिकोडोनची हळूहळू विरघळणारी गोळी विक्रीस आणिली, व तिच्यापासून व्यसनाचा धोका कमी आहे असा जोराचा प्रचार केला. कंबरदुखी, दांतदुखी अशा साध्या कारणांनींही गोळ्या लिहून दिल्या जाऊं लागल्या. २००७ सालीं त्या कंपनीच्या एका संलग्न संस्थेनें व तिघां अधिकाऱ्यांनीं, औषधाविषयीं लोकांची दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयांत कबूल केला; दंडादि मिळून रक्कम सुमारें ६० कोटी डॉलर झाली. परंतु तोंवर लक्षावधि लोक व्यसनांत सांपडले होते. गोळी मिळेनाशी झाली तसे त्यांतील कांहीं हेरॉइनकडे वळले, व पुढें चोरट्या फेंटानिलनें कहर केला. २०२१ व २०२२ ह्या प्रत्येक वर्षीं त्या देशांत ओपिऑइडांच्या अतिमात्रेनें ८०,००० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. पुढें ही संख्या बरीच उतरली, तरी गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत.

हें सर्व परदेशांतलें आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत भारतांतील १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांपैकीं सुमारें २.१ टक्के लोक ओपिऑइड घेतात असें आढळलें. त्यांत औषधी गोळ्या, सिरप इत्यादि घेणारांचें प्रमाण जवळजवळ १ टक्का होतें. २०१८ सालीं सरकारनें ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणिलें तें ह्याच कारणास्तव. २०२५ च्या फेब्रुवारींत तर असें उघडकीस आलें कीं, मुंबईची एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल ह्यांच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेंत धाडीत होती, आणि त्या तेथील तरुणांस नशेकरितां विकल्या जात होत्या. त्यानंतर ह्या मिश्रणाच्या उत्पादनास व निर्यातीस आपल्या सरकारनें बंदी केली. तात्पर्य, हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन पोंचला आहे.

आतां व्यसन ओळखावें कसें? वैद्यकशास्त्रानें ह्यासाठीं ११ लक्षणें ठरविलीं आहेत, व त्यांपैकीं दोन वा अधिक एका वर्षाच्या आंत आढळलीं तर रोग आहे असें समजतात. मात्र डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणें औषध घेणाऱ्याचें शरीर सरावलें असेल, तर तें ह्या गणतींत धरीत नाहींत. त्या लक्षणांतील मुख्य सांगतों. ठरविल्यापेक्षां अधिक वा अधिक दिवस औषध घेणें. तें कमी करण्याचे प्रयत्न फसणें. तें मिळविण्यांत फार वेळ जाणें. त्याची अनावर इच्छा होणें. शाळा, नोकरी वा घरचीं कर्तव्यें बुडणें. घरांत तंटे होऊनही तें चालू ठेवणें. पूर्वीचे खेळ व मित्र सुटणें. घरच्या माणसांस दिसणाऱ्या कांहीं खुणा आणखी आहेत. बुबुळांतील बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या बारीक होणें, भलत्या वेळीं पेंगणें, सतत बद्धकोष्ठ, गोळ्यांच्या पाकिटांत हिशेब न लागणें, एकाच दुखण्यासाठीं निरनिराळ्या डॉक्टरांकडे जाणें, खोकला नसतांना खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सांपडणें, पैसे नाहींसे होणें. ह्यांतील एखादी खूण दिसली म्हणजे लगेच चोर ठरवून मुलास झोडपूं नये. शांतपणें विचारावें, आणि डॉक्टरांकडे घेऊन जावें. मार व अपमान ह्यांनीं व्यसन लपतें, जात नाहीं. आणि लपलेलें व्यसन अधिक घातक.

उपचाराविषयीं लोकांत एक मोठा गैरसमज आहे. खोलींत कोंडून आठ-दहा दिवस औषध तोडलें कीं रोगी बरा झाला, असें पुष्कळांस वाटतें. शरीराची तक्रार ह्या रीतीनें थांबते खरी. परंतु मेंदूस लागलेली ओढ महिनोगणती राहते. शिवाय मध्यंतरीं शरीराचा सराव मोडलेला असतो. अशा वेळीं रोग्यानें चोरून पूर्वीची मात्रा घेतली तर तीच प्राणघातक होते. कित्येक मृत्यु असे 'सुटून आल्यावर' घडतात. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ह्यांसारखें औषध ठराविक मात्रेंत, बहुधा दीर्घ काळ देतात. त्यानें ओढ शमते, नशा चढत नाहीं, आणि मनुष्य आपल्या कामास लागतो. एका व्यसनाच्या जागीं दुसरें आणिलें, हा ह्या उपचारावरील आक्षेप योग्य नव्हे. मधुमेहाच्या रोग्यास इन्शुलिन देतात तसेंच हें होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं हीं दोन्ही औषधें आवश्यक औषधांच्या यादींत घातलीं. नाल्ट्रेक्झोन नांवाचें तिसरें एक औषध नशेचा मार्गच अडवितें. परंतु तें शरीर पूर्ण मोकळें झाल्यावरच देतां येतें. औषधाच्या जोडीला समुपदेशन व कुटुंबाचा आधार हीं हवींतच. आपल्याकडे पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं स्थापिलेलें मुक्तांगण ह्या कार्यासाठीं प्रसिद्ध आहे. सरकारची १४४४६ ह्या क्रमांकाची मोफत दूरध्वनि-सेवाही आहे. तेथें विचारणा केली असतां जवळचें केंद्र कळतें.

अतिमात्रेचा प्रसंग प्रत्येकास ओळखतां आला पाहिजे. मनुष्य हांक मारून वा हलवून जागा होत नाहीं, श्वास अगदीं मंद वा घरघरणारा असतो, ओंठ व नखें निळसर पडतात, बाहुल्या बारीक होतात. अशा वेळीं 'झोपूं द्या, उतरेल' असें म्हणणें म्हणजे त्यास मरूं देणें होय. तत्काळ १०८ ला दूरध्वनि करावा, श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर निजवावें, तो बंद पडल्यास कृत्रिम श्वास द्यावा, व काय घेतलें तें डॉक्टरांस न लपवितां सांगावें. नालोक्झोन नांवाचें औषध वेळेवर टोंचल्यास कांहीं मिनिटांत श्वास परत येतो. परंतु त्याचा गुण लवकर ओसरतो, म्हणून रोग्यास रुग्णालयांतच ठेविलें पाहिजे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, शस्त्रक्रियेनंतर वा अपघातानंतर अशी गोळी लिहून दिली तर ती कोणत्या वर्गाची, किती दिवस घ्यावयाची व थांबवावी कशी, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. ती कुलपांत ठेवावी. उरलेली घरांत सांठवूं नये. एकाची गोळी दुसऱ्यास देऊं नये. विद्यार्थ्यांनीं मित्रानें दिलेली गोळी वा सिरप गंमत म्हणूनही तोंडास लावूं नये.

तथापि ह्या लेखाचा उलट अर्थ कोणी करूं नये अशीही आमची इच्छा आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर भीतीपोटीं आपल्या देशांतील असंख्य कर्करोग्यांस मॉर्फीन मिळेनासें झालें, व ते तळमळत गेले. २०१४ सालीं ह्याच कारणानें कायदा सुधारून अशा औषधांची वाट मोकळी करावी लागली. घरांतील आजोबा असह्य वेदनेंत असतां 'संवय लागेल' म्हणून डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध दाबून ठेवणें हें क्रौर्य आहे. गरजूस योग्य मात्रेंत औषध द्यावें, निष्काळजीच्या हातीं तें पडूं देऊं नये, आणि जो सांपडला असेल त्यास रोगी समजून हात द्यावा. एवढें आपल्या घरोघरीं झालें, तरी कित्येक तरुण जीव वांचतील.